पाठची

"चपला बांधावरच काढ," ती म्हणाली. "आणि पदर खोच. कणसांना धक्का लागू देऊ नकोस."

पंचवीस वर्षांनी भेटलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. ये नाही, बस नाही, कशी आहेस नाही. मी मुकाट्यानं चपला काढल्या, पदर खोचला आणि त्या काळ्या रानात तिच्या मागून चालू लागले. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर रब्बीचा जोंधळा, शाळू, आणि प्रत्येक कणसावर खाकी कागदाची पिशवी. एकाचा पराग दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्या घालतात, हे तिनंच नंतर सांगितलं. मंगळवेढ्याच्या पुढं एसटीतून उतरून दोन मैल चालत आले होते. जानेवारीतलं ऊन, तरी घामानं थबथबले होते. तो सगळाच घाम उन्हाचा नव्हता.

डॉक्टर द्वारका मासाळ. तिथल्या बियाणं केंद्राची प्रमुख. एका पावसावर तग धरणारा शाळू तिनं काढला आणि सरकारनं तिला पुरस्कार दिला. पेपरात फोटो आला, आणि तो फोटो घेऊनच आमच्या अध्यक्षा मगदूमवहिनी माझ्या घरी आल्या होत्या.

"शरयूताई, ही आपल्याच हॉस्टेलची ना?"

"हो."

"मग आपल्या फळ्यावर हिचं नाव कसं नाही?"

फळा म्हणजे सांगलीतल्या आमच्या भगिनी मंडळाच्या वसतिगृहाचा. वसतिगृहाला त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, पन्नास वर्षं पूर्ण होत होती. जेवणघराच्या भिंतीवर सागवानी फळा लावायचा, वर 'आमच्या मानाच्या लेकी' आणि खाली पंचवीस नावं, असं ठरलं होतं. मी मंडळाची चिटणीस, म्हणून यादी माझ्याकडं. चोवीस नावं झाली होती. त्यातल्या निदान नऊजणी नवऱ्याच्या हुद्द्यावर मानाच्या झालेल्या, पण ते बोलायचं नसतं. हारगे पेंटरनं चोवीस ओळी रंगवूनसुद्धा टाकल्या होत्या. प्रत्येक नावाआधी 'सौ.', कारण मगदूमवहिनींनी यादी तशीच टाइप करून घेतली होती.

"लग्नबिग्न झालंय का हिचं?" वहिनींनी विचारलं. "नावाआधी काय लावायचं?"

"डॉक्टर आहे की."

"चला, सुटलो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी पाठवणीची जुनी वही उघडली. त्र्याहत्तर सालच्या पानावर सतरा सह्या होत्या. द्वारकाची नव्हती. "राहिली असेल घाईगर्दीत. तुम्ही तिच्या पाठच्या ना? मग तुम्हीच जा. संमतीचं पत्र आणा, एक फोटो आणा, आणि समारंभाला घेऊन या. ती व्यासपीठावर आली तर पेपरवाले येतील."

सही घाईगर्दीत राहिली नव्हती. का राहिली ते मला पक्कं माहीत होतं. मी 'जाते' म्हणाले.

पाठची म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या वसतिगृहात नवी मुलगी आली की वरच्या वर्गातली एकजण तिची पाठराखीण व्हायची. सासरी निघालेल्या नवरीबरोबर जाते ना, तशी. आणि नवी मुलगी तिची पाठची. पाठराखिणीनं पाठचीला सांभाळायचं, आणि तीन वर्षांनी पाठराखीण निघाली की पाठचीनं तिची ओटी भरायची. त्या समारंभाला पाठवणी म्हणायचे. ओटी भरली की निघालेली मुलगी वहीत सही करायची, आणि ती सही झाली की ती जन्मभर मंडळाची लेक. मंडळाच्या घटनेत हे कुठंही नव्हतं, पण घटना कोण वाचतंय?

माझी पाठराखीण द्वारका होती. सांगोल्याकडची, धनगराची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मी कागवाडच्या वकिलाची लाडावलेली मुलगी. मला वेणी घालता यायची नाही. पहिल्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला, तेव्हा एकवीस दिवस ती माझ्या उशाशी होती. त्या टर्मला तिचं प्रॅक्टिकल बुडलं. मी कधी आभार मानले नाहीत, कारण बहिणीचे कोण मानतं?

केंद्राच्या कचेरीत तिनं चहा मागवला. टेबलावर बियांच्या पुड्या, प्रत्येकीवर नंबर. केस पिकले होते, हात एखाद्या शेतकरणीसारखे झाले होते. मी संमतीचा कागद पुढं ठेवला. तिनं तो वाचला आणि परत माझ्याकडं सरकवला.

"तुमची माजी विद्यार्थिनी मी कुठं आहे?" ती म्हणाली. "वही बघा की. सही आहे का माझी?"

"द्वारकाताई, त्या वहीचं काय एवढं."

"एवढं नाही? मग कशाला ठेवलीय पन्नास वर्षं?"

मी चहा ढवळत बसले. साखर कधीच विरघळली होती. तिची नजर माझ्या कपाळावर होती. मी काळी टिकली लावत असे तेव्हा, बारीकशी.

"कधी?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं झाली. हार्ट."

"वाईट झालं." ते तिनं मनापासून म्हटलं. "मुलंबाळं?"

"एक मुलगी. मार्चमध्ये लग्न आहे तिचं."

"बरं झालं." मग ती म्हणाली, "आता तुझी ओटी भरतं का गं कोणी?"

मी कप बशीत ठेवला.

"आता तुला सांगायला हरकत नाही," ती म्हणाली. "पाठवणीच्या दिवशी तुझी आई रेक्टर आगाशेबाईंच्या कानाशी लागली, ते मी बघितलं होतं. मी ओळीत पाचवी उभी होते. बाईंनी माझ्याकडं बघितलं, तेव्हाच मला कळलं की कुणी सांगितलं ते. मी साऱ्या हॉस्टेलात एकाच माणसाला बोलले होते."

पंचवीस वर्षं मी एकाच आशेवर होते, की तिला ते ठाऊक नसावं.

झालं होतं ते असं. द्वारकाचं लग्न पंधराव्या वर्षी झालं होतं आणि चार महिन्यांत नवरा गेला. भावानं हिंमत करून तिला शिकायला पाठवलं, तेव्हा नाव माहेरचंच लावलं आणि पुढं 'कुमारी' लिहिलं. कपाळाला टिकली लावून ती आमच्यात तीन वर्षं राहिली. त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, माझं लग्न ठरलं त्या रात्री, तिनं मला हे सांगितलं. का, तर मी घाबरले होते. लग्न म्हणजे काय, सासर म्हणजे काय, म्हणून रडत होते. तिनं माझा हात धरून सांगितलं, "माझं तर चार महिन्यांत सगळं झालं नि संपलं. बघ, मेले का मी?"

मी धीर घेतला आणि दुसऱ्या दिवशी आईला पत्र लिहिलं. मला तिचं वाईट करायचं नव्हतं, हे आजही छातीवर हात ठेवून सांगते. माझं लग्न महिन्यावर आलं होतं, आणि पाठवणीत तिची ओटी मला भरायची होती. मी लिहिलं, 'आई, तिची ओटी मी भरली तर चालेल ना? मला काही होणार नाही ना?' एवढंच. पण त्या एवढ्यातच सगळं आलं.

आई पत्राचं उत्तर न लिहिता स्वतःच आली, पाठवणीच्या दिवशीच.

दुष्काळाचं साल. शहरात तांदूळ डोळ्यांना दिसत नव्हता. रेशनवर परदेशी लाल जोंधळा, मिलो. ओटी कशानं भरायची म्हणून आमच्या रेक्टर आगाशेबाई हवालदिल झाल्या, तेव्हा द्वारकाच्या भावानं जमिनीतल्या पेवात राहिलेले दोन पायली जोंधळे सायकलवरून सांगोल्याच्या स्टँडवर नेऊन एसटीनं पाठवले. "तांदळाऐवजी जोंधळे, आपद्धर्म म्हणून चालतात," असं बाईंनी शास्त्र सांगितलं. तबकात त्याच्याच घरचे जोंधळे, खण आणि नारळाऐवजी सुपारी. तबक एकच, ते धरून मी पुढं सरकत होते आणि प्रत्येकीची पाठची पुढं येऊन तिची ओटी भरत होती. चौघी झाल्या. पाचवी द्वारका. ती हसली, तिनं पदर पुढं केला.

आणि आगाशेबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझं राहू दे गं."

मोठ्यानं नाही. पण जेवणघरात शंभर मुली होत्या आणि सगळ्या गप्प होत्या. द्वारका पदर धरून तशीच उभी राहिली. मला वाटतं, तिला वाटलं असेल की मी काहीतरी करीन. मी तिच्या डोळ्यांत बघितलंच नाही. मी तबक घेऊन सहावीकडं सरकले.

"तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस," द्वारका कचेरीत म्हणाली. "मी तुला माफ केलं असतं. पण मी ट्रंक घेऊन फाटकाबाहेर पडले, तर पोचवायलासुद्धा आली नाहीस."

"आईनं जाऊ दिलं नाही."

"हां. आईनं." तिनं बियांची एक पुडी उचलली, तिच्यावरचा नंबर वाचला आणि ठेवून दिली. "ऐक. मी नाव लावू देते. समारंभालाही येते. एकच अट आहे."

"सांग."

"त्या दिवशी माझी पाठवणी करायची. त्याच जेवणघरात, सगळ्यांसमोर. ओटी माझ्या पाठचीनं भरायची. मग मी वहीत सही करीन, त्र्याहत्तरच्याच पानावर, अठराव्या ओळीला. मग माझं नाव कुठं हवं तिथं रंगवा."

"मी भरायची?" मी विचारलं. "मी आता, म्हणजे, हे गेल्यावर."

"म्हणून तर," ती म्हणाली. "आता तुला कशाचं भय? माझं जे झालं, ते तुझंही झालं. आगाशेबाई अजून आहेत ना?"

"आहेत. शहाऐंशीच्या. व्यासपीठावर असतील."

"असू देत. त्यांना बघू देत."

मी 'हो' म्हणाले. खोटं नव्हतं ते. त्या कचेरीत, त्या क्षणी, मला खरंच वाटलं की हे मी करीन आणि सुटेन. तिनं मला बांधापर्यंत सोडलं. माझ्या पायाला लागलेली माती बघून म्हणाली, "धुऊन जा, नळ आहे तिथं." तारीख मी तिला लिहून दिली, पंधरा फेब्रुवारी, सकाळी अकरा.

बैठक चार दिवसांनी झाली. अकरा बायका होत्या, काजूची बर्फी होती. एसटीत बसल्यापासून मी वाक्य पाठ करत होते. द्वारकाबाई विधवा आहेत, त्र्याहत्तर साली आपण त्यांची ओटी भरली नाही, ते माझ्यामुळं झालं, आता ती मी भरणार आहे. चार तुकडे. शाळेत वीस वर्षं व्याकरण शिकवलं, वाक्य काही अवघड नव्हतं.

मगदूमवहिनींनी विचारलं, "काय शरयूताई, काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?"

मगदूमवहिनी माझ्या होणाऱ्या जावयाची सख्खी आत्या होत्या. हे मी आतापर्यंत सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही त्यात. स्थळ त्यांनीच आणलं होतं. लग्न तोंडावर आलं होतं. दोनशे बायकांसमोर मी, कपाळ असं, तबक घेऊन उभी. नवऱ्या मुलाची आत्या पहिल्या रांगेत. आणि मग कोणीतरी कुजबुजणार, नवरीच्या आईनं हे काय आरंभलंय.

"त्या येत नाहीत म्हणाल्या," मी म्हणाले. "नावही नको म्हणाल्या."

"एवढा गर्व?" कोणीतरी म्हणालं.

"मोठी झाली की माणसं विसरतात," मगदूमवहिनी म्हणाल्या. आणि मग, बर्फीचा तुकडा माझ्यापुढं करत, "पण मग पंचविसावं नाव? जागा रिकामी बरी दिसत नाही. मी सुचवते, आपल्या शरयूताईंचं घाला. मंडळासाठी इतकं राबल्या. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. माझी असायला हवी होती. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो विनय वाटला.

द्वारकाला मी तीन पत्रं लिहिली. समितीनं मान्य केलं नाही, असं तिन्हीत लिहिलं होतं. एकही टाकलं नाही. खोटं लिहायचं धाडस होतं, पोस्टाच्या पेटीपर्यंत जायचं नव्हतं. ती येणार नाही, कामात असेल, सुगीचे दिवस आहेत, असं मनाला सांगत राहिले.

आदल्या दिवशी फळा लागला. शेवटची ओळ होती: सौ. शरयू कुंभोजकर. हारगे पेंटरनं चोवीसांच्या सवयीनं पंचविसावंही तसंच लिहून टाकलं होतं.

"हारगे, हे चुकलं," मी म्हणाले.

त्यांनी एकदा फळ्याकडं आणि एकदा माझ्या कपाळाकडं बघितलं. चांगला माणूस, शरमला बिचारा. "बाई, माफी करा. पण आता पुसलं तर पॉलिश जातंय, डाग पडंल. उद्या फंक्शन हाय."

मी म्हटलं, असू दे.

पंधरा तारखेला दारात दोन ताटं ठेवली होती. एकात गुलाबी फिती, माजी विद्यार्थिनींसाठी. दुसऱ्यात पिवळ्या, पाहुण्यांसाठी. मी व्यासपीठावर आगाशेबाईंच्या शेजारी, त्यांना ऐकू यायचं नाही म्हणून कानात सांगायला. स्वागतगीत सुरू होतं, आणि मला दारात ती दिसली. निळी इरकल, हातात कापडी पिशवी. ती आली होती. अकराला पाच कमी होते.

दारातल्या मुलीनं काही विचारलं. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्या मुलीला काय विचारायचं ते मीच शिकवलं होतं: 'माजी की पाहुण्या?' द्वारकानं आत नजर टाकली. भिंतीवरचा फळा समोरच होता. ती दाराशी उभ्या उभ्या पंचवीस नावं सावकाश वाचत गेली. शेवटच्या ओळीवर थांबली. मग तिनं दुसऱ्या ताटातली पिवळी फीत उचलली आणि स्वतःच टाचणीनं लावून घेतली.

ती मागच्या रांगेत बसली, पूर्ण कार्यक्रम. कोणी ओळखलं नाही. पेपरात फोटो आला होता, पण त्यात तिच्या डोक्यावर टोपी होती. अध्यक्षीय भाषणात मगदूमवहिनी म्हणाल्या की काही लेकी मोठ्या होतात आणि माहेर विसरतात. टाळ्या पडल्या. आगाशेबाई मला विचारत होत्या, "काय म्हणाली, काय म्हणाली?" मी त्यांच्या कानात काहीच सांगितलं नाही.

जेवणाला सगळ्या उठल्या तेव्हा मी खाली उतरले. ती फळ्याजवळ उभी होती.

"द्वारकाताई, समितीनं..."

"सौ. का गं?" तिनं विचारलं.

"पेंटरनं सवयीनं लिहिलं."

"पुसलं नाहीस."

"पॉलिश गेलं असतं."

ती हसली. पंचवीस वर्षांपूर्वी पदर पुढं करताना हसली होती, ते हसू नव्हे. हे वेगळं होतं, आणि ते अजून माझ्याजवळ आहे. तिनं कापडी पिशवी माझ्या हातात दिली. वजनदार होती.

"माझा शाळू आहे," ती म्हणाली. "ओटीला म्हणून आणला होता. आता परत कुठं नेऊ? तुझ्या लेकीच्या ओटीला होईल."

"जेवून तरी जा."

"पाहुण्यांची पंगत दुसरी आहे म्हणाली ती मुलगी. माझी एसटी चुकेल."

यावेळी मला अडवायला आई नव्हती. तरी मी फाटकापर्यंत गेले नाही.

मार्चमध्ये लेकीचं लग्न झालं, थाटात झालं. पाठवणीच्या वेळी मी तिच्यासाठी ठेवलेला शालू, खण, नारळ आणि त्या कापडी पिशवीतला शाळू असं सगळं तबकात मांडलं. जोंधळे मोत्यासारखे होते, टपोरे, एकसारखे. त्यानंतर तसे मी पुन्हा बघितले नाहीत. लेक पदर पुढं करून उभी होती आणि रडत होती. मी तबक उचललं.

माझी जाऊ पुढं आली. तिनं ते माझ्या हातातून अगदी हळूच काढून घेतलं. वाईट बाई नव्हे ती. माझ्या खांद्यावर हात ठेवला तिनं, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "ताई, तुमचं राहू दे."